सामाजिक न्यायावरचे जाडजूड ग्रंथ कुठून आणि कसे वाचायला घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सामाजिक न्याय, राजकारण, आजचा समाज यांवरची अभ्यासू पुस्तकं वाचायची मनापासून इच्छा आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांचं 'अ थिअरी ऑफ जस्टिस' आणूनही ठेवलंय. तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा पन्नासाव्या पानाच्या आसपास थांबलात. आधी दुसरं काही वाचायला हवं होतं का, की हा आपला प्रांतच नाही?

प्रांत तुमचाच आहे. मी बारा-तेरा वर्षं ही पुस्तकं वाचतेय, त्यातली शेवटची पाच वर्षं आमच्या रविवारच्या वाचनगटाबरोबर. गटात कुणीच राज्यशास्त्र शिकलेलं नाही, तरी वाचन चालू आहे. त्या अनुभवावरून सांगते.

पन्नासाव्या पानाजवळ थांबलात ते योगायोगाने नाही. पहिल्या प्रकरणातली ५ ते ९ ही कलमं (म्हणजे क्रमांक दिलेले छोटे विभाग) तिथे संपतात, आणि त्यांत रॉल्स इतर सिद्धान्तांशी, आधी उपयुक्ततावादाशी, वाद घालत असतात. एकूण सुखाची बेरीज वाढली की झालं, मग त्यात काहींचा बळी गेला तरी चालेल, या विचाराला ते उत्तर देताहेत. समोरच्या पक्षाचं म्हणणं आपण कधी ऐकलेलंच नसेल तर ते उत्तर कोरडं लागणारच. यात तुमची चूक नाही. खुद्द रॉल्सना ही अडचण ठाऊक होती. १९७१ चं हे पुस्तक सुमारे सहाशे पानांचं आहे, आणि प्रस्तावनेतच त्यांनी वाट दाखवून ठेवलीय: आधी कलम १ ते ४, मग थेट दुसऱ्या प्रकरणातली ११ ते १७, मग तिसरं प्रकरण, त्यानंतर चौथ्यातली मोजकी कलमं. एवढं वाचलं की साधारण एक तृतीयांश पुस्तक होतं आणि सिद्धान्ताचा गाभा हाती येतो, असं ते स्वतः लिहितात. मी पहिल्यांदा प्रस्तावना ओलांडून पुढे गेले होते, त्यामुळे हे मला फार उशिरा कळलं.

आता माझी खरी सूचना. या विषयावरच्या बहुतेक मोठ्या पुस्तकांच्या मुळाशी एखादं छोटं उदाहरण असतं. एखादा प्रसंग, एखादा खटला, एखादं काल्पनिक चित्र. सिद्धान्ताच्या मागे धावण्याआधी ते उदाहरण शोधा आणि त्याच्यापाशी बसा. त्यात कोण कोण हजर आहे ते बघा. मग कोण हजर नाही ते बघा. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, कारण पुढचं पुस्तक बऱ्याचदा त्या गैरहजर माणसाच्या बाजूने लिहिलेलं असतं.

अमर्त्य सेन यांच्या 'द आयडिया ऑफ जस्टिस' (२००९) मधली बासरी घ्या. तीन मुलं आहेत आणि बासरी एकच. ॲन म्हणते, ती मला द्या, कारण तिघांत मलाच वाजवता येते. बॉब म्हणतो, मला द्या, कारण मी इतका गरीब आहे की माझ्याकडे खेळायला काहीच नाही. कार्ला म्हणते, कित्येक महिने राबून ही बासरी मी बनवली, आणि आता तुम्ही ती माझ्याकडून काढून घ्यायला निघालात. सेन यांचं म्हणणं असं की तिघांचीही बाजू वजनदार आहे, कुणीही निव्वळ स्वार्थापोटी बोलत नाहीये, आणि सगळ्यांना मान्य होईल असा एकच परिपूर्ण निवाडा निघेलच असं नाही. म्हणून आदर्श समाजाचा नकाशा पूर्ण होण्याची वाट बघत बसण्यापेक्षा, समोर दिसणारे दोन पर्याय तुलना करून बघा आणि ढळढळीत अन्याय आधी दूर करा.

आमच्या गटात हा उतारा मोठ्याने वाचला तेव्हा वीसेक मिनिटं नुसता गलका झाला. दोघं कार्लाच्या बाजूने, तिघं बॉबच्या. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या एक ताई आमच्यात आहेत. त्या सगळा वेळ गप्प होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "ॲनला वाजवायला कुणी शिकवलं? आणि बाकीच्या दोघांना का नाही शिकवलं?" सगळे थांबले. त्या दिवशी पुढचं पान उलटलंच नाही. माणसाजवळ वस्तू किती, यावर भागत नाही, त्या वस्तूचं तो प्रत्यक्षात काय करू शकतो हे बघायला हवं, हा सेन यांचा क्षमतेचा विचार आहे. तो त्या पुस्तकात पुढे सविस्तर येतो. ताई तिथवर वाचन पोचण्याआधीच त्याच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. अभ्यासू पुस्तक वाचणं म्हणजे मी हेच समजते.

हीच पद्धत रॉल्सना लावून बघा. त्यांचं चित्र प्रसिद्ध आहे: समाजाचे नियम ठरवायला माणसं जमलीत, पण प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे अज्ञानाचा पडदा आहे. आपण श्रीमंत की गरीब, हुशार की सामान्य, आपली जगण्याविषयीची धारणा काय, हे कुणालाच ठाऊक नाही. मग कुणीही असे नियम करणार नाही ज्यांत तळाचा माणूस चिरडला जाईल, कारण तळाशी आपणच निघालो तर? कल्पना अतिशय देखणी आहे, आणि तिचं देखणेपण नीट अनुभवल्याशिवाय टीकेकडे वळू नका. मग विचारा: या खोलीत कोण नाही? तिसऱ्या प्रकरणात रॉल्स म्हणतात की जमलेल्या या माणसांना आपण कुटुंबप्रमुख समजू शकतो. स्त्रीवादी विचारवंत सुझन मोलर ओकिन यांनी 'जस्टिस, जेंडर अँड द फॅमिली' (१९८९) मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं. कुटुंबप्रमुख जमले, तर घरातलं काम कुणी करायचं, कुणाची झोप मोडायची, कुणाची नोकरी सुटायची, हे खोलीत चर्चेला येणारच नाही. शिवाय पडद्याआड काय काय लपलंय याची जी यादी रॉल्स देतात, तीत आपण स्त्री आहोत की पुरुष हे स्पष्टपणे घातलेलंच नव्हतं. ओकिन यांनी रॉल्सना मोडीत काढलेलं नाही. हाच पडदा घराच्या उंबऱ्याच्या आत नेला तर तो किती कामाचा आहे, हे त्यांनी दाखवलं. त्यांचं पाचवं प्रकरण रॉल्सच्या तिसऱ्या प्रकरणाशेजारी ठेवून वाचा. माझ्या वाचनातली ही सगळ्यात समाधानाची जोडी आहे.

गैरहजर माणूस कसा असतो हे मला सगळ्यात लख्ख दिसलं ते अमेरिकी कायदेतज्ज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांच्या १९८९ च्या लेखात. तो लेखच आहे, पुस्तक नाही, पण अनेक पुस्तकांचं काम एकटा करतो. अमेरिकेत पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी जनरल मोटर्सवर खटला भरला. कंपनीने १९६४ च्या आधी एकाही कृष्णवर्णीय स्त्रीला घेतलं नव्हतं, आणि पुढे मंदीत ज्येष्ठतेप्रमाणे कपात झाली तेव्हा १९७० नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रिया घरी गेल्या. १९७६ मध्ये न्यायालयाने म्हटलं, स्त्रियांवर अन्याय झाला म्हणता, पण कंपनीने स्त्रियांना तर आधीपासून घेतलंय. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या. वंशभेदाच्या तक्रारीसाठी खटला भरणाऱ्या पाचजणींना सांगितलं गेलं की आधीच चालू असलेल्या दुसऱ्या खटल्यात सामील व्हा. दोन्ही तक्रारी एकत्र करून 'कृष्णवर्णीय स्त्री' असा वेगळा वर्ग मानायला न्यायालय तयार नव्हतं. कायद्याला स्त्री दिसत होती आणि कृष्णवर्णीय माणूस दिसत होता. जिच्यात दोन्ही एकत्र आहेत ती मात्र दिसत नव्हती. क्रेनशॉ चौकाची उपमा देतात: दोन रस्त्यांच्या चौकात अपघात झाला, तर कोणत्या रस्त्यावरच्या गाडीने धडक दिली हे नेहमीच वेगळं काढता येत नाही. एवढं वाचून झाल्यावर 'आंतरछेदिता' हा अवघड शब्द समजावून सांगावा लागत नाही.

आणि डॉ. आंबेडकरांचं 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' रॉल्सच्या आधी वाचा असं मी आग्रहाने सांगेन. ते वरच्या सगळ्यांच्या कितीतरी आधीचं आहे, १९३६ चं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी लिहिलेलं हे अध्यक्षीय भाषण कधी झालंच नाही. मजकूर वाचून मंडळाने बदल मागितले, बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असं कळवलं, परिषद रद्द झाली आणि त्यांनी ते स्वखर्चाने छापलं. हा पत्रव्यवहार पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहे. तो ओलांडू नका, कारण सुधारणा नेमक्या कुठल्या वाक्यापाशी घाबरते हे त्यातच दिसतं. जातीला श्रमविभागणी म्हणणाऱ्यांना त्यांचं उत्तर आहे की ही श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. १९३७ च्या आवृत्तीत गांधीजींचे आक्षेप आणि त्यांवरचं उत्तर दोन्ही जोडलेलं आहे. वाद कसा वाचावा याचं इतकं चांगलं शिक्षण मला दुसरीकडे मिळालं नाही.

इंग्रजीचा अडसर तुम्ही लिहिला नाहीत, पण तो बहुतेकांना असतो. माझा उपाय असा, की वाचन इंग्रजीत झालं तरी भांडण मराठीत करायचं. रॉल्स यांच्या 'जस्टिस ॲज फेअरनेस' या शब्दप्रयोगापाशी आम्ही बराच काळ अडलो होतो, कारण न्याय आणि न्याय्यता असं म्हणून काही हाती लागेना. कुणीतरी 'रास्त' हा शब्द काढला. रास्त मागणी, रास्त वाटा. वाटा ठरवण्याची पद्धतच रास्त असेल तर जे निघेल तो न्याय, असं म्हटल्यावर वाक्य उघडलं. उलट सेन यांच्याकडे आपलेच शब्द चकवतात. ते 'नीती' आणि 'न्याय' असा भेद करतात, आणि मराठी कानाला नीती म्हटलं की सदाचार आठवतो. त्यांच्या लेखी नीती म्हणजे संस्था आणि नियम यांची शिस्त, तर न्याय म्हणजे त्या नियमांखाली माणसांचं प्रत्यक्षात काय होतं ते. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आकडेवारीवर उभी असलेली पुस्तकं, उदाहरणार्थ फ्रेंच अर्थतज्ज्ञ तोमा पिकेटी यांचं विषमतेवरचं पुस्तक, थोडी निराळी. तिथे उदाहरणापेक्षा मोजमाप बघायचं: उत्पन्न मोजलंय की संपत्ती, माणूस मोजलाय की कुटुंब. तुम्ही सध्या त्यांच्या वाटेला गेला नाहीत तरी चालेल.

तर घरी असलेलं रॉल्सचं पुस्तक परत देऊ नका. या आठवड्यात आंबेडकरांच्या पुस्तकातली पत्रं आणि पहिले काही विभाग वाचा. मग रॉल्सचं कलम ३ आणि ४, फक्त तेवढंच, पेन्सिल हातात घेऊन. कलम ४ संपलं की समासात लिहा, त्या खोलीत तुमच्या ओळखीचं कोण बसलेलं नाही. नाव लिहा. मग थेट कलम ११ वर जा.