वाचकांचे प्रश्न : चोक वेळेवर उघडत नाही

प्रश्न : माझी १९७२ची फोक्सवॅगन बीटल आहे, कार्ब्युरेटर सोलेक्स ३४ पिक्ट-३. इंजिन तापल्यावरही काळा धूर येतो. चोकच्या (गार इंजिनासाठी हवा अडवणाऱ्या झडपेच्या) वायरचा कनेक्टर पक्कडीने दाबला तरी पुन्हा सैल होतो. चोकच बदलू का?

उत्तर : आधी कनेक्टर बदला. तापून-थरथरून त्यातल्या पितळेची पकड गेली, की दाबून ती परत येत नाही. सैल जोडात व्होल्टेज पडतं, चोकमधली द्विधातू स्प्रिंग (जी तापून झडप उघडते) पुरेशी तापत नाही, झडप अर्धवट मिटलेली राहते आणि पेट्रोल जास्त जातं.

खात्री करायची तर इंजिन बंद ठेवून इग्निशन फक्त मिनिटभर चालू करा; जास्त वेळ ठेवल्यास इग्निशन कॉइल तापते. मल्टीमीटरची काळी तार कार्ब्युरेटरच्या अंगाला, लाल तार जोडलेल्या कनेक्टरच्या मागून लावा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर दोष वायरीत, जोडात किंवा अर्थिंगमध्ये. व्होल्टेज पूर्ण असूनही चोक तापत नसेल, तरच नवा घ्या. घेताना त्यावर १२ व्होल्टचा शिक्का बघा. जुन्या बीटलसाठी ६ व्होल्टचेही मिळतात.

बॅटरीची निगेटिव्ह काढूनच कामाला लागा. या वायरीला फ्यूज नसतो. सुटं टोक इंजिनच्या पत्र्याला टेकलं तर वायरिंग जळतं. तांबं काळं पडलं असेल तर चकचकीत तार लागेपर्यंत मागे कापा, ६ मिमी सोला आणि ६.३ मिमीचं, पूर्ण इन्सुलेशन असलेलं फीमेल थिंबल (पट्टीवर बसणारं कनेक्टरचं टोक) क्रिंपिंग प्लायरने दाबा. नुसतं झाळू नका, झाळलेल्या टोकाशी तार कडक होऊन थरथरीने तुटते. मग ओढून बघा. चोकवरची, कनेक्टर बसतो ती पट्टी बारीक पॉलिश पेपरने घासा, पण वाकवू नका. ती सैल झाली की चोक गेलाच.

चोक कार्ब्युरेटरवरून खोललाच असेल तर कडीच्या तीन स्क्रूंवर जोर नको, सिरॅमिक तडकतं. स्प्रिंगचा आकडा लिव्हरमध्ये अडकवा आणि चोकवरची खूण तीनपैकी मधल्या रेघेवर ठेवा.

आयडल कट-ऑफ सोलेनॉइडलाही (इग्निशन बंद होताच आयडलचं पेट्रोल तोडणाऱ्या विजेच्या झडपेलाही) चोकला येते तिथूनच वीज जाते. धूर नाही, पण आयडलला इंजिन बंद पडतं, अशी तक्रार असेल तर आधी त्याचा कनेक्टर तपासा.

प्रश्न : वेबर ३२/३६ डीजीईव्ही कार्ब्युरेटर बसवला आहे. चोकची वायर कॉइलच्या पॉझिटिव्हला दिली तर चालेल?

उत्तर : बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलला जाणारं व्होल्टेज कमी करणारा रोधक) असेल तर नाही. तिथे १२ व्होल्ट पूर्ण मिळत नाहीत, चोक उशिरा उघडतो. इग्निशनवर चालू होणारी, फ्यूज असलेली वेगळी लाइन द्या.