घरातला साठा, घरातले प्रक्षेपण: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमचे गाव भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यात आहे. वडिलांनी ऐन उमेदीची वर्षे झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत काम केले. त्यांच्या आणि गावात झालेल्या इतर नाटकांची चित्रणे सुमारे चाळीस व्हीसीडी, सात-आठ मेमरी कार्डे आणि आम्हा तीन भावांचे मोबाइल यांत विखुरलेली आहेत. एकाच अंगणात आमची तीन घरे आहेत आणि टीव्ही दोन आहेत. कोणत्याही घरातून कोणतेही नाटक पाहता यावे, अशी सोय करायची आहे. दोन डिस्क बसणारी नेटवर्क स्टोरेजची, म्हणजे घरातल्या सर्व यंत्रांना एकाच जागचा साठा पुरवणारी, तयार पेटी घ्या, म्हणजे कायमची चिंता मिटेल, असे दुकानदार सांगतो. घरी वापरात नसलेला एक जुना लॅपटॉप आहे. लाइन दिवसातून दोन-तीनदा जाते. आम्ही काय करावे?

उत्तर: पेटी तूर्त घेऊ नये आणि तो लॅपटॉप बाहेर काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तयार पेटी वाईट असते म्हणून मी हे सांगत नाही. आपल्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. लाइन दिवसातून तीनदा जाणाऱ्या घरात साठवणीचा खरा शत्रू असतो तो लिहिणे चालू असताना अचानक बंद पडणारी डिस्क. तयार पेटीत बॅटरी नसते, त्यामुळे तिच्यासाठी यूपीएस वेगळा घ्यावा लागतो. लॅपटॉपची बॅटरी अर्धा तास जरी तग धरत असली, तरी तोच आपला यूपीएस झाला.

मात्र यात एक खोच आहे. लॅपटॉपला जोडायची बाहेरची हार्ड डिस्क अडीच इंची, म्हणजे यूएसबीच्या तारेतूनच वीज घेणारी असावी. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला १२ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर लागतो. लाइन गेली की लॅपटॉप चालू राहतो आणि डिस्क मात्र त्याच क्षणी बंद पडते, म्हणजे बॅटरी असूनही उपयोग शून्य. घरी इन्व्हर्टर असेल, तर त्याच्या मागे किंवा पुढे ‘यूपीएस’ असे लिहिलेले बटण असते का ते पाहावे. त्या स्थितीत इन्व्हर्टर लाइनवरून बॅटरीवर लवकर उतरतो, पण दाब साधारण १८० व्होल्टच्या खाली गेला तरीही तो बॅटरीच वापरू लागतो. धानाच्या हंगामात कृषिपंप सुरू झाल्यावर दाब खाली जातो, हे आपल्याला सांगायला नको. अशा वेळी इन्व्हर्टरची बॅटरी लाइन असतानाच उतरते, आणि म्हणून मी लॅपटॉपच्या बॅटरीवर अधिक भिस्त ठेवतो. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो जरूर घ्यावा. टीव्ही इन्व्हर्टरवर असला, तर लाइन गेलेली असतानाही नाटक पुढे चालू राहील, कारण या सर्व व्यवस्थेत इंटरनेटचा काहीही संबंध नाही. चित्र आपल्या डिस्कवरून आपल्याच राउटरमार्गे आपल्याच टीव्हीवर जाते. गावातली फायबर तुटली तरी ते अडत नाही आणि डेटाही खर्च होत नाही.

खर्चाचे गणितही लॅपटॉपच्याच बाजूचे आहे. जुना लॅपटॉप पडदा बंद ठेवून चालवला, तर साधारण १५ वॅट घेतो. चोवीस तास चालवल्यास महिन्याला सुमारे ११ युनिट होतात. तेच काम ७० वॅट घेणाऱ्या जुन्या डेस्कटॉपला दिले, तर ५० युनिट होतील. बॅटरी मात्र अधूनमधून पाहावी. सतत चार्जिंगवर राहिलेली जुनी बॅटरी उन्हाळ्यात फुगू शकते. कळफलकाचा भाग उचललेला दिसला, तर ती त्याच दिवशी काढून टाकावी. काही लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती सुरू करून ठेवावी.

आता साठ्याचा अंदाज घेऊ. मोबाइलवर साध्या फुल एचडीमध्ये चित्रण केले, तर सेकंदाला सुमारे १७ मेगाबिट, म्हणजे तासाला साडेसात जीबीच्या आसपास जागा लागते. आपल्याकडचे नाटक रात्री दहाच्या सुमारास उघडते आणि उजाडायला येईपर्यंत चालते, तेव्हा सहा तासांचे ४५ जीबी धरावेत. याउलट आपल्या चाळीस व्हीसीडी मिळून ३० जीबीही भरणार नाहीत. म्हणजे वडिलांचा सारा काळ गेल्या हंगामातल्या एका रात्रीपेक्षा कमी जागेत मावतो. दोन टीबीची डिस्क घेतल्यास चाळीसएक नाटके सहज बसतील. फोरकेमध्ये चित्रण करण्याचा मोह टाळावा. त्याला दुप्पट-तिप्पट जागा लागते आणि रंगमंचावरील हॅलोजनच्या उजेडात त्याचा फारसा लाभही दिसत नाही.

व्हीसीडींचे काम सर्वांत आधी हाती घ्यावे, कारण मोबाइलमधली चित्रणे आणखी वर्षभर थांबतील, पण चकत्या थांबणार नाहीत. व्हीसीडीवर ‘एमपीईजीएव्ही’ नावाचे फोल्डर असते आणि त्यातील डॅट प्रकारच्या फाइलमध्ये नाटक असते. ती फाइल तशीच उतरवून घ्यावी. एका ड्राइव्हमध्ये चकती वाचली गेली नाही, तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहावी. एकाने सोडून दिलेली चकती दुसरा वाचतो, असे अनेकदा घडते. टीव्हीला डॅट फाइल बहुधा कळत नाही, म्हणून हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅमने तिची एमपी४ प्रत करावी, पण मूळ फाइल पुसू नये. व्हीसीडीचे चित्र मुळातच ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे असते, तेव्हा रूपांतर करताना आकार वाढवून काही हाती लागत नाही. आवाज शाबूत राहिला म्हणजे पुष्कळ झाले. झाडीपट्टीत पदेच तर ऐकायची असतात.

लॅपटॉपवर विंडोज १० असेल, तर त्याची नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहेत. त्यामुळे विंडोजऐवजी डेबियन किंवा उबुंटू हे लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी मोफत प्रणाली, घालावे. त्यावर दोन गोष्टी बसवाव्यात. पहिली सांबा, म्हणजे घरातल्या इतर संगणकांना आणि मोबाइलना ही डिस्क आपल्याच यंत्रातील फोल्डरसारखी दिसेल. दुसरी जेलीफिन, म्हणजे टीव्हीवर नाटकांची यादी दिसेल आणि अर्धवट पाहिलेले नाटक थांबवले तिथूनच पुढे सुरू होईल. दोन्ही मोफत आहेत. जेलीफिनमध्ये संग्रह तयार करताना ‘चित्रपट’ हा प्रकार निवडू नये, ‘होम व्हिडिओ’ हा निवडावा. नाही तर ते प्रत्येक नाव इंटरनेटवर शोधू लागते आणि वडिलांच्या नाटकाला भलत्याच सिनेमाचे पोस्टर चिकटवून मोकळे होते. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग गाव आणि नंतर नाटकाचे नाव लिहावे, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते.

झाकण मिटले तरी लॅपटॉप झोपणार नाही, अशी सेटिंग करावी लागते. ती विसरल्यामुळे सारे बिघडले असे समजणारे बरेच जण भेटतात. राउटरमध्ये जाऊन लॅपटॉपचा नेटवर्कवरील पत्ता (आयपी) कायमचा राखून ठेवावा, नाही तर लाइन येऊन-जाऊन पत्ता बदलतो आणि टीव्हीला साठा सापडत नाही. फोल्डर पाहण्याची परवानगी सर्वांना द्यावी, पण त्यात भर घालण्याची आणि पुसण्याची एकालाच. तीन घरांत मुले किती आहेत हे आपण लिहिलेले नाही, पण असणारच.

टीव्ही फार जुना असला आणि चित्र दाबून साठवण्याच्या नव्या पद्धतीची एच.२६५ फाइल त्याला कळत नसली, तर जेलीफिन ती जागच्या जागी बदलून देऊ पाहते. जुन्या लॅपटॉपला ते झेपत नाही आणि चित्र अडकते. म्हणून मोबाइलच्या कॅमेऱ्यातच एच.२६४ हा जुना प्रकार निवडून ठेवावा.

लॅपटॉप ठेवण्याच्या जागेबद्दल सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि घरगुती नेटवर्क पेट्यांचे बहुतेक उत्पादक ४० अंशांपर्यंतच्या हवेची हमी देतात. पेटीविषयी मी हात आखडता घेतला, त्याचे हे दुसरे कारण. टिनाच्या छताखाली काहीही ठेवू नये. मातीच्या भिंतीची आणि कवेलूच्या छपराची खोली असेल, तर तिच्याइतकी चांगली जागा नाही. कूलरच्या थेट झोतातही ठेवू नये, कारण ती हवा गार असली तरी ओली असते. एप्रिल ते जून दुपारी बारा ते पाच सर्व बंद ठेवले, तरी कोणाचे काही अडणार नाही. मातीची जाड भिंत वाय-फाय अडवते, हा तिचा दोष आहे. ५ गिगाहर्ट्झची लहर तिच्यापुढे लवकर हार मानते, २.४ ची थोडी तग धरते. जमल्यास तिन्ही घरांत केबल न्यावी, पण ती कशी न्यावी याविषयी पुढील उत्तर वाचावे.

दुकानदाराच्या ‘कायमची चिंता मिटेल’ या वाक्याचे उत्तर अजून राहिले आहे. दोन डिस्कच्या पेटीत एकीवर लिहिलेले दुसरीवर त्याच क्षणी उमटते. एक डिस्क बिघडली तर दुसरी कामास येते, इतकाच तिचा उपयोग. कोणी चुकून नाटक पुसले, तर ते दोन्हींवरून पुसले जाते. वीज पडली तर दोन्ही जातात. पेटी चोरीला गेली तरीही दोन्ही जातात. दुसरी प्रत म्हणजे तारेने कशालाही न जोडलेली आणि दुसऱ्या छताखाली ठेवलेली डिस्क. पेटीचे पैसे वाचतील, त्यांतून हीच दुसरी डिस्क घ्यावी आणि ती बहिणीकडे किंवा मामाकडे ठेवावी. झाडीपट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या आसपास आटोपतो. म्हणून होळी झाली की ती डिस्क आणवून नवी नाटके तिच्यावर चढवावीत आणि पोळ्याला एकदा लावून ती उघडते ना, एवढे पाहावे.

जाता जाता हक्कांविषयी एक गोष्ट. स्वतःच्या पाहण्यासाठी स्वतः केलेल्या चित्रणाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुभा आहे. तेच नाटक यूट्यूबवर चढवायचे, तर लेखकाची, मंडळीची आणि कलावंतांची संमती लागते.

प्रश्न: आम्ही यवतमाळ जिल्ह्यात दिग्रसजवळ राहतो. जुन्या घरातील राउटरपासून वावरातल्या नव्या घरापर्यंत ऐंशी मीटर नेटवर्क केबल खांबांवरून नेली होती. दोन वर्षे उत्तम चालले. मृगाच्या पहिल्या पावसात वीज कडाडली आणि राउटर, डिस्क जोडलेला संगणक व टीव्ही एकदमच गेले. वीज घरावर पडलेली नव्हती. अधिक चांगल्या कंपनीची केबल घ्यावी काय?

उत्तर: केबल कितीही भारी घेतली, तरी हे पुन्हा घडेल. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणून अंतरात आपली चूक नव्हती. चूक झाली ती तांबे उघड्यावरून नेण्यात. वीज काही अंतरावर पडली, तरी लांब तारेत क्षणभर मोठा दाब निर्माण होतो. शिवाय दोन घरांचे अर्थिंग वेगळे असले, तर त्यांच्यातील दाबाचा फरक त्याच तारेतून वाट काढतो आणि मधली यंत्रे जळतात.

दोन इमारतींमध्ये काचेच्या तंतूची केबल, म्हणजे फायबर, टाकावी, कारण काच वीज वाहून नेत नाही. दोन्ही टोकांना फायबर आणि साधी केबल जोडून देणाऱ्या मीडिया कन्व्हर्टर नावाच्या डब्या बसवल्या, की पुढे घरात नेहमीची केबल लावता येते. इंटरनेटच्या जोडण्या करणारा माणूस हे काम तासाभरात करतो. त्याला एकच गोष्ट बजावावी. खांबांवरून नेण्याच्या फायबरला आधारासाठी पोलादी तार चिकटवलेली असते. ती तार भिंतीबाहेरच कापून टाकावी, घरात आणू नये. अन्यथा तांबे काढून लोखंड आत आणल्यासारखे होईल. धातूविरहित फायबर मिळाली, तर उत्तमच. लाखांदूरच्या वाचकांनीही एका अंगणातल्या तीन घरांसाठी हाच मार्ग धरावा. आणि ढग गडगडू लागले की प्लग काढण्याची जुनी सवय मोडू नये.

प्रश्न: वरुड तालुक्यातून लिहीत आहे. राउटरच्या यूएसबीला डिस्क लावली. ती मोबाइलवर दिसते, पण नव्या संगणकावर दिसत नाही. संत्रा बागेच्या ड्रोन चित्रणाची मोठी फाइल तिच्यावर उतरत नाही. उतरते त्या फाइलही फार हळू जातात. इंटरनेटचा प्लॅन वाढवावा काय?

उत्तर: प्लॅन वाढवू नये, त्याने काहीच होणार नाही. आपल्या तीन तक्रारींची तीन वेगळी कारणे आहेत.

जुने राउटर नेटवर्कवर फाइल वाटण्यासाठी एसएमबी या पद्धतीची पहिली आवृत्ती वापरतात. तिच्यातील दोषांमधूनच मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. त्यानंतरच्या नव्या विंडोजमध्ये ती आवृत्ती मुळातच बसवलेली नसते. इंटरनेटवर ती परत सुरू करण्याची युक्ती सापडेल, पण ती वापरू नये. राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करून पाहावे. तरीही डिस्क दिसली नाही, तर ती राउटरवरून काढून एखाद्या संगणकाला लावावी.

मोठी फाइल उतरत नाही, याचे कारण डिस्क एफएटी३२ पद्धतीने तयार केलेली असावी. तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, डिस्क रिकामी असली तरीही. आतील सर्व माल दुसरीकडे हलवून डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये नव्याने फॉरमॅट करावी. राउटरला यांपैकी काय वाचता येते, हे त्याच्या माहितीपत्रकात आधी पाहावे.

वेगाचे गणित सोपे आहे. स्वस्त राउटरची केबलची भोके सेकंदाला १०० मेगाबिटची असतात, म्हणजे फार तर साडेबारा मेगाबाइट. तिथून २० जीबीची फाइल नेण्यास अर्धा तास लागणारच. गिगाबिट भोकांच्या राउटरवर तेच काम तीन-चार मिनिटांत होऊ शकते. पण राउटरचा प्रोसेसर लहान असेल, तर डिस्क त्यालाच जोडून तो वेग मिळत नाही. संगणकाला डिस्क लावण्याचा सल्ला म्हणूनच पुन्हा देतो.

प्रश्न: दोन टीबीची म्हणून घेतलेली डिस्क संगणकात १.८१ टीबीच दाखवते. दुकानदाराने फसवले काय? (एक वाचक, मूर्तिजापूर)

उत्तर: नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. डिस्क पूर्ण आहे, मापे दोन आहेत.