पल्सारचा आवाज काढायचाय? आधी हे वाचा

पल्सार म्हणजे गरगर फिरणारा, ठरावीक वेळाने रेडिओ ठोके पाठवणारा मेलेला तारा. त्याचे रेडिओ ठोके ऐकू येतील असे करायचे तर सुरुवात बी0329+54 या पल्सारपासून करा. तेजस्वी आहे आणि 0.714 सेकंदाला एक ठोका देतो, त्यामुळे चूक लगेच कानाला कळते. छोट्या अँटेनाच्या मागे लागू नका. मोठ्या दुर्बिणीची खुली फिल्टरबँक फाइल घ्या (तिच्यात सिग्नलची शक्ती चॅनलनुसार, म्हणजे वारंवारितेच्या अरुंद पट्ट्यांनुसार, वेळेवार नोंदलेली असते).

प्रत्येक चॅनलमधून त्याची सरासरी वजा करा, प्रमाण विचलनाने भागा. मग डिस्पर्शन, म्हणजे वारंवारितेनुसार लहरींचं मागेपुढे पोहोचणं, काढून टाका. नवशिक्यांचं काम बहुतेक इथेच फसतं. वाटेतल्या इलेक्ट्रॉनमुळे कमी वारंवारितेच्या लहरी उशिरा पोहोचतात. या पल्सारचा डीएम (डिस्पर्शन मेजर, वाटेतल्या इलेक्ट्रॉनचं माप) 26.8 आहे, त्यामुळे 400 मेगाहर्ट्झवर 10 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ठोका सुमारे 35 मिलिसेकंद पसरतो आणि गोंगाटात विरून जातो. प्रत्येक चॅनल त्याच्या उशिराइतका मागे सरकवून मगच सगळ्यांची बेरीज करा.

ही बेरीज तशीच वेव्ह फाइलमध्ये टाकलीत तर स्पीकरवर जेमतेम टकटक येईल. तिला सेकंदाला 44100 नमुन्यांवर आणा आणि 400 हर्ट्झच्या स्वराला तिने गुणा, म्हणजे सिग्नलच्या शक्तीनुसार स्वर लहानमोठा होईल. आवाजाची कमाल पातळी सर्वात मोठ्या नमुन्यावरून ठरवू नका: पृथ्वीवरच्या रेडिओ हस्तक्षेपाचा एकच उंच काटा बाकी सगळं दाबून टाकतो. 99.5 पर्सेंटाइलवर छाटा, म्हणजे 99.5 टक्के नमुने ज्या पातळीखाली आहेत तिच्यावरचं कापा.

ठोका खरा का? डीएम शून्य ठेवून, म्हणजे चॅनल न सरकवता, पुन्हा ऐका. खरा असेल तर बोथट होईल. पृथ्वीवरचा हस्तक्षेप उलट जास्त टोकदार होतो.

बी1937+21 या पल्सारला मात्र स्वर उसना लागत नाही: सेकंदाला 642 फेऱ्या, तो स्वतःच गातो!