बाटलीत गेल्यावरच बीअर आंबते? आधी तोटी उघडून बघा

घरी बनवलेल्या बीअरच्या बाटल्या भरताना चव एकदम छान, आणि तीन आठवड्यांनी झाकण काढलं की फेसाचा फवारा आणि आंबट वास, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात तुटलं, कारण मी यातून गेलोय. स्टार सॅन (सामान निर्जंतुक करायचं आम्लयुक्त द्रावण) तुम्ही वापरताच, म्हणून त्यावर लिहीत नाही.

भरताना चव ठीक होती, म्हणजे खोट बहुधा शेवटच्या टप्प्यात आहे: सायफन, नळी आणि मुख्य म्हणजे बॉटलिंगच्या बादलीची, म्हणजे जिच्यातून बाटल्या भरतो तिची, तोटी. मी सामान घ्यायचो त्या दुकानाने हे कधीच सांगितलं नाही. कधी 'यीस्ट जुनं असेल', कधी 'तापमान हुकलं असेल', आणि दर वेळी नवी वस्तू गळ्यात. बीअर आंबते कधी, बादलीत की बाटलीत, एवढं कुणी विचारलं असतं तर हिवाळाभराची मेहनत मोरीत ओतावी लागली नसती. अजून संताप होतो.

तोटी बाहेरून चकाचक दिसते. ती काढून थोडा वेळ गरम पाण्यात ठेवा आणि आतला फिरणारा भाग दाबून बाहेर काढा. माझ्या तोटीत त्या दोन भागांमध्ये तपकिरी, बुळबुळीत थर होता, वास शिळ्या ताकाचा. अशा थराखाली स्टार सॅन पोचत नाही. घासून धुता येईल, पण माझं मत विचाराल तर तोटी आणि नळ्या सरळ फेकून नव्या घ्या. बादलीला आतून ओरखडे असतील तर तीही.

बीअर आंबट नसून नुसतीच पातळ झाली असेल आणि ग्रॅव्हिटी (उरलेल्या साखरेचा अंदाज देणारी घनता) भरतानाच्या 1.012 वरून 1.004 वर आली असेल, तर डायस्टॅटिकस या यीस्टचा संशय घ्या. सेझॉन या बेल्जियन धाटणीच्या बीअरची काही यीस्ट या जातीची असतात. नेहमीचं यीस्ट सोडून देतं ती डेक्स्ट्रिनंही (स्टार्चचे लांब तुकडे) ती खातात. कारण कुठलंही असो, उरलेल्या बाटल्या फुटू शकतात. गॉगल आणि जाड हातमोजे घालूनच त्या फ्रिजमध्ये हलवा.

आणखी एक, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) दळताना उडणाऱ्या धुळीत लॅक्टोबॅसिलस, म्हणजे आंबट करणारे जिवाणू, भरपूर असतात. थंड होणाऱ्या वर्टजवळ (यीस्ट घालण्याआधीचा माल्टचा गोड काढा) दळू नका.

मी सूक्ष्मजीवशास्त्रातला नाही, हा अनुभव आहे. शिवाय मी अमेरिकेत आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हे करणं गुन्हा आहे.

सगळं बदलण्याआधी खात्री करायची असेल तर पुढच्या बॅचच्या काही बाटल्या बॉटलिंगची बादली टाळून, बीअर आंबवलेल्या भांड्यातून नव्या सायफनने थेट भरा, फेसासाठीची साखर बाटलीतच मोजून घाला आणि झाकणावर खूण करा. त्या चांगल्या राहिल्या आणि बाकीच्या आंबल्या, तर घाण बॉटलिंगच्याच सामानात आहे.