चंदन पंधरा वर्षांनी, मग भाडं पहिल्या महिन्यापासून कुठून?

फोंडा तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र समोर आहे. साठाव्या वर्षी नुकत्याच निवृत्त झाल्या. पेन्शन महिना ३८ हजार. ग्रॅच्युइटी वगैरे मिळून हातात २४ लाख आलेत. यजमानांचं छोटं दुकान होतं, ते दोन वर्षांपूर्वी बंद केलं. घराभोवती एकरभर कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बागायत आहे. बाई लिहितात, ‘बसल्या जागी महिन्याला पंधरा हजार यावेत. पण त्यासाठी कुठला डोंगर कापला जाऊ नये आणि कुणाच्या पोटावर पाय येऊ नये.’ त्यांच्यापुढे चार वाटा आहेत. चंदन लागवडीची एक योजना, घरात होमस्टे, छपरावर सोलर आणि पुतण्या सांगतो तो ‘ईएसजी’ म्युच्युअल फंड, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार बघून कंपन्या निवडणारा. चंदनवाला रविवारी चेक न्यायला येणार आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

बाई, योजना तुम्ही लिहिलीत ती अशी. ५ लाख भरायचे, कंपनी परराज्यातल्या जमिनीत तुमच्या नावाने चंदनाची रोपं लावणार, दर महिन्याला १० हजार ‘भाडं’ देणार आणि बारा वर्षांनी लाकूड विकून मोठी रक्कम. आणखी दोघांना आणलंत तर वर कमिशन.

आता चंदनाचं झाड कसं वाढतं ते बघा. ते अर्धपरजीवी आहे, शेजारच्या झाडाच्या मुळांतून अन्न ओढतं, म्हणून एकटं लावलं तर नीट जगतसुद्धा नाही. किंमत असते ती आतल्या गाभ्याला, आणि विकण्याजोगा गाभा भरायला साधारण पंधरा वर्षं जातात. तोपर्यंत झाड एक रुपया कमावत नाही. मग पहिल्या महिन्याचे १० हजार येतात कुठून? तुमच्याच ५ लाखांतून, नाहीतर तुमच्यानंतर भरणाऱ्याच्या पैशातून. नुसतं मुद्दल परत यायला ५० महिने लागतात, म्हणजे चार वर्षं दोन महिने. असल्या योजनांतलं भाडं तेवढं टिकलं तर नशीब.

आमच्या घरात हे होऊन गेलंय. नव्वदच्या दशकात सागवानाच्या कंपन्यांचं पेव फुटलं होतं. माझ्या एका मावशीने तेव्हा मंगळसूत्र सोडून बाकीचं सोनं मोडलं आणि अशाच एका कंपनीत पैसे घातले. हिरव्या कागदाचं, झाडाचं चित्र छापलेलं सर्टिफिकेट तिच्या कपाटात अजून आहे. सागवान कुणी बघितलं नाही. त्याच काळातल्या गोंधळानंतर सेबीने, म्हणजे गुंतवणूक बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, १९९९ साली सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम केले. लोकांचे पैसे एकत्र करून, त्यांच्या वतीने जमीन-झाडं सांभाळून नफा वाटायचा असेल तर सेबीची नोंदणी लागते. रविवारी त्या माणसाकडे नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या वेबसाइटवर स्वतः ताडून बघा. कंपनी रजिस्ट्रेशनचा कागद, जीएसटीचा कागद, कृषी खात्यातल्या कुणाबरोबर काढलेला फोटो, यांतलं काहीही चालणार नाही. माणसं जोडल्यावर मिळणाऱ्या कमिशनबद्दल तर १९७८ पासून कायदा आहे. साखळी करून पैसा फिरवणं हा गुन्हा आहे, आणि तुम्ही शेजारणीला आणलंत तर उद्या ती तुमच्या दारात उभी राहणार. पोटावर पाय येऊ नये म्हणता ना, तो इथेच येतो.

होमस्टेबद्दल फार लिहीत नाही. कल्पना वाईट नाही. मंगेशी, सावई या बाजूला शांत जागा शोधत येणारी माणसं आहेत. पण ते बसल्या जागचं उत्पन्न नव्हे. चादरी, नाश्ता, रात्री अकराला ‘वायफाय चालत नाही’ म्हणून फोन. शिवाय १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी हवी. मे महिन्यात तुमची विहीर किती खाली जाते हेही बघा. चार खोल्यांच्या पाहुण्यांनी पाणी उपसलं तर कुळागराचं शिंपण आधी बंद पडेल. हौस असेल तर करा, निवृत्तीची तजवीज म्हणून नको.

सोलर करा, पण पुण्याच्या भावाने सांगितलेले आकडे विसरा. महाराष्ट्राच्या मानाने गोव्यात घरगुती वीज स्वस्त. वीज स्वस्त तितकी सोलरमध्ये बचत कमी. तुमचं बिल सरासरी ९०० रुपये. २ किलोवॅटचं कोटेशन दीड लाखाचं आहे, पीएम सूर्यघर योजनेतून किलोवॅटला ३० हजार म्हणजे ६० हजार अनुदान. (३ किलोवॅट केलंत तर ७८ हजार, त्यापुढे वाढत नाही.) खिशातून ९० हजार, पण आधी पूर्ण दीड लाख द्यावे लागतात, अनुदान मागाहून खात्यात जमा होतं. बिलातला स्थिर आकार वीज वापरली नाही तरी भरावाच लागतो, त्यामुळे महिन्याला वाचतील फार तर ७०० रुपये. पैसे वसूल व्हायला दहा-अकरा वर्षं. पॅनल पंचवीस वर्षं चालतात असं धरलं तर ठीक सौदा आहे, आणि वाचलेल्या बिलावर कर नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. तुमच्या पत्रासोबतच्या फोटोत घर कौलारू आहे आणि दक्षिणेला माडांची रांग. माडाची सावली दुपारी पॅनलवर पडली की उत्पादन धाडकन खाली येतं. इन्स्टॉलर म्हणेल, ‘चार माड काढून टाका.’ सोलरसाठी धरते माड तोडायचे असतील तर सोलर नको. मागच्या बाजूला नव्या स्वयंपाकघराचा स्लॅब दिसतो, तिथे सकाळी नऊ ते दुपारी तीन ऊन असतं का ते एक दिवस बसून बघा. दर तासाला मोबाइलवर फोटो काढा, पुरे.

आता कुळागर. पत्रात त्याला एक ओळ मिळाली आहे: ‘सुपारी-नारळाचे वर्षाला नव्वदेक हजार येतात, निम्मे खर्चात जातात.’ बाई, उरतात ते ४५ हजार. महिन्याला ३,७५०. तुमच्या पंधरा हजारांतला चौथा हिस्सा आजच येतो आहे, तोही शेतीचं उत्पन्न म्हणून करमुक्त, आणि तुम्ही तो हिशेबात धरलेलाच नाही! सासऱ्यांनी लावलेली पोफळ अजून पिकते. हे तुम्हाला हवं ते उत्पन्नच आहे, फक्त ते कुणी तुम्हाला ब्रोशरमध्ये छापून दाखवलेलं नाही.

तिथे २ लाख घालावेत असं मला वाटतं. शिंपणाला स्प्रिंकलर घ्या, पाटाने जातं त्यापेक्षा पाणी कमी लागतं. पावसाळ्यात कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रणाची फवारणी वेळेवर होते का ते विचारा. बहुतेक कुळागरांत ती ‘पुढच्या आठवड्यात’ होते आणि सुपारी गळून जाते. पोफळींवर मिरवेल चढवा. सावलीत जायफळ लावा, पण रोपं नकोत, कलमंच. जायफळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांच्या रोपांतली निम्मी नर निघाली की सहा-सात वर्षांनी नुसती हिरवीगार पानं बघत बसायची. कलमं चार-पाच वर्षांत धरू लागतात. कुठली जात घ्यायची ते जुन्या गोव्यातल्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संशोधन केंद्रात विचारा. जायफळाच्या फळाच्या गरापासून टॉफी करण्याचं तंत्र तिथेच तयार झालं, तेही बघून या. कृषी कार्ड नसेल तर विभागीय कृषी कार्यालयात जाऊन काढा, सरकारी आधारभावाचा फायदा त्याशिवाय मिळत नाही.

आणि पाडेली. तुमच्या ‘बसल्या जागच्या’ उत्पन्नासाठी चाळीस फूट वर चढतो तो माणूस. खर्च निम्मा जातो अशी तुमची तक्रार आहे, त्यातला मोठा भाग त्याची मजुरी असणार. ती कापू नका. मिळेनासे झालेत ते उगाच नाही. उलट त्याचं बँक खातं असेल तर वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा होतो, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०. हे २० रुपये तुम्ही भरा. नारळ विकास मंडळाचा माडावर चढणाऱ्यांसाठी खास ‘केरा सुरक्षा’ विमा आहे, त्याचीही चौकशी करा. समाजाचं भान ठेवून गुंतवणूक करायची म्हणता, तर ते इथून सुरू करा.

उरलेला पैसा. १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, पोस्टात किंवा बँकेत. सध्याचा दर ८.२ टक्के, खातं उघडताना जो असेल तो पाच वर्षं कायम. तिमाहीला ३०,७५० म्हणजे महिन्याला १०,२५०. ही योजना ‘हिरवी’ नाही हे खरं. सरकारचे हरित रोखे आहेत, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठी सरकार लोकांकडून घेतं ते कर्ज. २०२३ च्या जानेवारीत पहिल्यांदा निघाले तेव्हा पाच वर्षांना ७.१० आणि दहा वर्षांना ७.२९ टक्के दर होता. रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ या वेबसाइटवरून घेता येतात. पण मध्येच विकायला गेलात तर गिऱ्हाईक आणि भाव मनासारखा मिळेलच असं नाही, आणि दरातला टक्काभर फरक तुमच्या रकमेला जाणवतो. मी तुमच्या जागी असतो तर बचत योजनाच घेतली असती.

पुतण्याच्या फंडात साडेतीन लाख, तेही सात-आठ वर्षं लागणार नसतील तर. यादी उघडून बघाल तर वरच्या दहांत मोठ्या बँका आणि आयटी कंपन्या दिसतील. सेबीचा नियम ८० टक्के पैसा फंडाच्या ईएसजी धोरणात बसणाऱ्या कंपन्यांत असावा एवढाच. पवनचक्क्या विकत घेतल्यात असं समजू नका. अडीच लाख बँकेत, चवथीला आणि आजारपणाला.

१०,२५० अधिक ३,७५० अधिक ७०० म्हणजे १४,७००. जायफळ धरेल तेव्हा वर जाईल.

कराचं एक गोव्यापुरतं. लग्नाआधी वेगळ्या मालमत्तेचा करार केला नसेल तर इथल्या नागरी कायद्याप्रमाणे पती-पत्नीची मिळकत सामाईक, आणि १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ५अ कलमामुळे पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं विभागलं जात आलंय. तुमची पेन्शन पगारातच धरतात, ती तुमचीच. पण बचत योजनेचं वर्षाचं १,२३,००० व्याज खातं तुमच्या एकटीच्या नावावर असलं तरी ६१,५०० यजमानांच्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. दुकान बंद झालं म्हणून त्यांचं विवरणपत्र भरणं थांबवू नका.

शेवटी एक कागद मागतो. तुम्ही लिहिता, कुळागराच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबाराच तो) यजमानांसोबत मुंबईच्या दोन दिरांचीही नावं आहेत. ते उत्पन्न मागत नाहीत म्हणून आजवर चाललं. पण दोन लाख मातीत घालण्याआधी त्या दोघांशी बोला आणि ठरेल ते लिहून घ्या. कोण किती खर्च करतो, नवी झाडं कुणाची, विकायची वेळ आली तर काय. चवथीला येतीलच, गणपतीवर फळा-फुलांची माटोळी बांधून झाली की बसा. तो कागद आणि वर्षभराची वीजबिलं पाठवलीत तर सोलर किती किलोवॅटचं घ्यायचं ते पक्कं करून देतो.