बांधावरचा रोव्हर आणि हवेतलं बाष्प

प्रश्न : आमच्या गटाची मोजणी झाली तेव्हा रोव्हरवर (बांधावरून फिरवायच्या जीपीएस मोजणी यंत्रावर) उंचीचा आकडा सारखा हलत होता. 'आज हवा दमट आहे, त्यामुळे होतंय,' असं मोजणीवाले साहेब म्हणाले. भाचा म्हणतो, याच उपग्रहांच्या सिग्नलवरून हवेतल्या बाष्पाचा नकाशाही काढतात. खरं का? आणि असा नकाशा मिळाला तर गोडी छाटणीनंतर (फळांसाठीच्या छाटणीनंतर) डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) फवारण्या त्यावर ठरवता येतील का?
— एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : भाच्याचं सोळा आणे खरं, साहेबांचं चार आणे.

मी नोकरीभर मोजणीच केली, म्हणून आधी साहेबांचं बघू. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटरवर फिरतात. तिथून निघालेली लहर शेवटी दाट हवेत शिरते आणि किंचित रेंगाळते. उपग्रह अगदी डोक्यावर असला तरी समुद्रसपाटीला हा उशीर अंतराच्या हिशेबात 2.3 मीटरच्या वर जातो. त्यातला बहुतेक वाटा कोरड्या हवेचा. हवेचा दाब मोजला की तो काढता येतो. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने आपल्याकडे तो थोडा कमी, 2.1 ते 2.2 मीटर. उरतो बाष्पाचा वाटा : कोरड्या थंडीत काही सेंटिमीटर, भर पावसाळ्यात तीस-चाळीसपर्यंत.

याचा फटका उंचीला जास्त बसतो, हे साहेबांचं बरोबर. पण बेस स्टेशन, म्हणजे ठाऊक असलेल्या जागी ठेवलेला दुसरा रिसिव्हर, जवळ असेल तर त्याच्यावर आणि रोव्हरवर हवा जवळपास सारखीच असते, आणि वजाबाकीत हा उशीर बराचसा उडून जातो. आकडा सारखा हलत असेल तर मी आधी शेजारचं पत्र्याचं शेड आणि आंब्याचं झाड बघेन : पत्र्यावरून लहर उसळून येते, झाडाने ती अडते. दमट हवेवर ढकलणं सोपं असतं, आम्हीही ढकलायचो.

आता भाच्याची गोष्ट. अँटेना एकाच जागी वर्षानुवर्षं पक्की बसवली की तिची जागा मिलिमीटरपर्यंत ठाऊक होते. मग उलटा हिशेब मांडायचा. आयनोस्फियरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, परिणाम दोन फ्रिक्वेन्सींवर वेगवेगळा पडतो, त्यामुळे त्या ताडून तो काढून टाकता येतो. कोरड्या हवेचा वाटा दाबावरून वजा करायचा. जो उशीर उरतो तो बाष्पाचा. ढोबळ मानाने साडेसहा मिलिमीटर उशीर म्हणजे डोक्यावरच्या सगळ्या हवेत मिळून एक मिलिमीटर पाणी. म्हणजे उशीर 20 सेंटिमीटर निघाला, तर वरचं सगळं बाष्प पिळून जमिनीवर साधारण 31 मिलिमीटर पाणी साचेल. अमेरिकेत मायकेल बेव्हिस आणि सहकाऱ्यांनी 1992 साली ही रीत मांडली. आम्ही जी चूक म्हणून फेकून द्यायचो, ती या मंडळींनी उचलून घेतली!

अशा अनेक अँटेनांचे आकडे जोडले की नकाशा तयार होतो. जपानने मुख्यतः भूकंपासाठी, जमीन किती सरकते ते बघायला, सुमारे 1,300 स्टेशनं बसवली. त्यांची माहिती हवामानालाही कामी येते. एरवी बाष्प मोजायला फुगा सोडतात, तो साधारणपणे दिवसातून दोनदा, आपल्या घड्याळाने पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. अँटेनेचा आकडा मात्र दर काही मिनिटांनी मिळतो. शिवाय या लहरी ढगातून आणि पावसातूनही आरपार येतात.

पण फवारणी? नाही. हा आकडा जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेचा. डाऊनीला त्याच्याशी देणंघेणं नाही. पान किती तास ओलं राहिलं, याच्याशी आहे. आणि बाष्प म्हणजे पाऊसही नव्हे. पावसाळ्यात तेच ढग त्र्यंबकला कोसळतात आणि सिन्नरवरून कोरडेच पुढे जातात. अवकाळीच्या आधी काही तास बाष्प चढताना दिसलं तर अंदाज बांधणाऱ्याला ते मोलाचं. वाऱ्याबरोबर, दाबाबरोबर ते गणितात जातं. तुम्ही मात्र बागेत कॅनोपीच्या (वेलीच्या पानोऱ्याच्या) आत पानाचा ओलावा मोजणारा सेन्सर लावा आणि फवारणी ठरवताना तो आकडा तापमान आणि पावसाच्या अंदाजाबरोबर बघा.

भाच्याला हौस असेल तर दोन फ्रिक्वेन्सींचा रिसिव्हर, बरी अँटेना आणि बॅरोमीटर पुरे. मोबाईलवर भागणार नाही, त्याची अँटेना फार कच्ची. उपग्रहांच्या कक्षांच्या अचूक फाइली फुकट मिळतात, आणि हिशेबाला आरटीकेलिब हे सॉफ्टवेअरही फुकट. अँटेना गच्चीवर लावायला सांगा, पाण्याच्या टाकीपासून लांब.