आधी गोळ्या, मग ऑपरेशन, मग परत गोळ्या?

या वेळी गळ्याच्या गाठीवर तीन पत्रं आली. पहिलं पत्र घाईचं आहे म्हणून त्यालाच जास्त जागा दिली, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न: डॉक्टर, मी डोंबिवलीला राहते. आईचं वय 67. तिला वीस वर्षांपासून गलगंड होता, कधी काही त्रास नाही. गणपतीत मावशी म्हणाली अगं तुझं मंगळसूत्र असं वर का चढलंय, आणि तिथून पाच आठवड्यांत लिंबाएवढी गाठ पेरूएवढी झाली, आवाज बसला, आता पोहेसुद्धा पाण्याच्या घोटाबरोबर उतरतात. बायोप्सीत ॲनाप्लास्टिक थायरॉइड कॅन्सर आला, स्टेज 4. एका सर्जननी सांगितलं गाठ श्वासनळीला आणि मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलीये, काढता येणार नाही. दुसरे म्हणतात टेस्ट करू, पॉझिटिव्ह आली तर आधी गोळ्या देऊ मग ऑपरेशन बघू. काका म्हणतात कॅन्सर कापायचा सोडून गोळ्या कसल्या देतात, वेळ काढतायत. काय करू?

उत्तर: ताई, काकांना माझा नमस्कार सांगा, पण दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका, आणि उद्या सकाळीच ऐका.

आधी ते स्टेज 4 चं. या कॅन्सरमध्ये गाठ थायरॉइडच्या आतच असली तरी स्टेज 4 च लिहितात, पुढे ए, बी, सी असतं. म्हणजे नुसता आकडा वाचून सगळीकडे पसरलं असं धरू नका, पुढचं अक्षर बघा आणि स्कॅन बघा. आजार मात्र खरंच वाईट आहे, ते लपवून उपयोग नाही. थायरॉइडच्या शंभर कॅन्सरमध्ये असा एखाद-दुसराच असतो आणि पूर्वी निदानानंतर निम्मे पेशंट पाच-सहा महिन्यांच्या आत जायचे. आमच्या शिकायच्या काळात असा पेशंट आला की सिनियर आधी श्वास कसा चालू ठेवायचा ते बघायचे, बाकीचं नंतर.

आता फरक कुठे पडला. यातल्या बऱ्याच पेशंटच्या, ढोबळमानाने दहातल्या चारेकांच्या, गाठीत बीआरएएफ व्ही600ई नावाचा जीनमधला बदल सापडतो. बिल्डिंगमध्ये कुणाच्या तरी दाराच्या बेलचं बटण दाबलेलंच अडकून बसतं आणि बेल वाजतच राहते ना, तसं पेशीला वाढ, वाढ असा निरोप सारखा जात राहतो. डॅब्राफेनिब ही गोळी त्या अडकलेल्या बटणावर काम करते आणि ट्रॅमेटिनिब त्याच्या पुढच्या वायरवर, म्हणून दोन्ही एकत्र. अमेरिकेत या जोडीला या कॅन्सरसाठी मे 2018 मध्ये मंजुरी मिळाली. ज्या अभ्यासावर ती मिळाली त्यात पुढे 36 पेशंट झाले, त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त जणांची गाठ बऱ्यापैकी लहान झाली. मग ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमधल्या डॉक्टरांनी विचार केला की गाठ लहान झालीच आहे तर आता काढता येते का बघू. त्यांच्याकडे गोळ्यांनंतर ऑपरेशन झालेल्यांपैकी 94 टक्के पेशंट वर्षभरानंतर हयात होते, ते 2020 मध्ये छापून आलं. हा आकडा ऐकून नाचू नका मात्र, पेशंट थोडेच होते आणि ऑपरेशनपर्यंत तेच पोचले ज्यांना गोळ्या लागू पडल्या, त्यामुळे निवड आधीच झालेली. तरीही पाच-सहा महिन्यांच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या माझ्यासारख्याला हे थोडं नाही.

म्हणून काकांना सांगा की वेळ काढणं हे नाही. काढता येणार नाही हे आजचं मत आहे, दोन-तीन महिन्यांनंतरच्या गाठीचं नाही.

वेळ खरा जातो तो टेस्टमध्ये. जिथे बायोप्सी झाली तिथे पॅराफिनचा ब्लॉक ठेवलेला असतो, मेणाची छोटी चौकोनी वडी, नखाएवढा तुकडा आत. तो आणि स्लाइड्स मागून घ्या, मिळत नाही म्हणाले तर लेखी अर्ज द्या. माझ्या एका पेशंटचा मुलगा नऊ दिवस एका लॅबच्या काउंटरवर फेऱ्या मारत होता कारण सही करणारे सुट्टीवर, आणि या आजारात नऊ दिवस म्हणजे काय ते तुम्ही आरशासमोर आईचा गळा बघून सांगू शकता. ब्लॉकवर आयएचसी, म्हणजे रंग देऊन करायची तपासणी, करून बीआरएएफ बघता येतं, त्याचं उत्तर एक-दोन दिवसांत मिळू शकतं. मोठी जीन टेस्ट, एनजीएस, तीही पाठवा कारण आरईटी किंवा एनटीआरके या दुसऱ्या जीनमधला बदल सापडला तर त्याच्या वेगळ्या गोळ्या आहेत, पण तिला दोन-तीन आठवडे लागतात, नुसती तिची वाट बघत बसू नका. परळला टाटाला दाखवायचं असेल तर ब्लॉक, स्लाइड्स आणि स्कॅनची सीडी एकाच पिशवीत ठेवा, लोकलच्या गर्दीत ती खांद्यावर नको, छातीशी धरा.

बीआरएएफ नसेल तर या गोळ्या देत नाहीत, मग रेडिएशन, केमो, काही ठिकाणी इम्युनोथेरपी असा वेगळा विचार. थायरॉइड कॅन्सरला देतात तो किरणोत्सारी आयोडीनचा डोस या कॅन्सरला लागू पडत नाही, शेजारच्या काकूंना बरं वाटलं होतं तरी. आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला किंवा आडवं पडून झोपता येईना तर टेस्ट-बिस्ट बाजूला ठेवा, थेट इमर्जन्सी.

खर्च मोठा आहे. हॉस्पिटलच्या सोशल वर्करना पहिल्याच दिवशी भेटा. कंपनीची मदत योजना, ट्रस्ट, सरकारी योजनेत काय बसतं काय नाही हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

प्रश्न: मलाही थायरॉइडचा कॅन्सर निघाला, पॅपिलरी, दीड सेंटिमीटर. मीपण आधी गोळ्या मागू का? (विलेपार्ले)

उत्तर: नाही. तुमचा कॅन्सर वरच्या ताईंच्या आईच्या कॅन्सरचा फार लांबचा आणि फार शांत नातेवाईक आहे. ऑपरेशन करून घ्या, सर्जन सांगतील तसं फॉलोअप ठेवा. तुमच्या रिपोर्टवरही बीआरएएफ पॉझिटिव्ह लिहिलेलं असू शकतं, पॅपिलरीत ते खूप कॉमन आहे, तेवढ्यावरून या गोळ्या सुरू करत नाहीत.

प्रश्न: लालबागहून लिहितेय. मिस्टरांना अडीच महिने याच दोन गोळ्या दिल्या, मग ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये थायरॉइडमध्ये जिवंत ॲनाप्लास्टिक कॅन्सर नाही, एका गाठीत थोड्या पॅपिलरीच्या पेशी आहेत असं आलं. आम्ही पेढे वाटले. आता म्हणतात रेडिएशन, आणि परत गोळ्या. गेलंय ना सगळं? शिवाय गोळ्यांनी आधी दोनदा ताप आला होता, हे म्हणतात मला नको.

उत्तर: वहिनी, पेढे बरोबर वाटलेत. त्या पॅपिलरीच्या पेशींनी घाबरू नका, ॲनाप्लास्टिक बऱ्याचदा पॅपिलरीतूनच तयार होतो, वाईट भाग मेला आणि जुना शांत भाग थोडा उरला असं कधीकधी दिसतं.

पण रिपोर्ट सांगतो तो काढलेल्या तुकड्यांबद्दल. स्कॅनमध्ये न दिसणारं काही फुफ्फुसात बसलं असेल तर ते तपासायला पाठवलेल्या बाटलीत नव्हतं. या गोळ्या वर सांगितलेल्या बेलचा आवाज दाबून धरतात, हात काढला की बेल परत वाजायला लागू शकते. म्हणून गळ्याला रेडिएशन, साधारण सहा आठवडे, त्या काळात गोळ्या सहसा बंद ठेवतात कारण दोन्ही एकदम चालू असलं की कातडी फार भाजते, आणि मग परत सुरू. किती दिवस, ते स्कॅन बघत बघत ठरतं.

तापाचं म्हणाल तर तो या जोडीचा ओळखीचा त्रास आहे. 100.4 च्या वर गेला की डॉक्टरांना फोन, बहुतेक दोन्ही गोळ्या थांबवायला सांगतात आणि चोवीस तास ताप नसला की परत चालू. पण मुंबईत पावसाळ्यात प्रत्येक ताप गोळ्यांचाच असं धरू नका, मलेरिया, डेंग्यू, लेप्टो सगळं इथेच आहे, रक्त तपासा. मध्ये मध्ये हृदयाचा इको होईल, अंधुक दिसलं तर लगेच सांगा, साखर असेल तर ती वाढू शकते. काढे, चूर्णं काही चालू असेल तर लपवू नका, डॅब्राफेनिबचं बऱ्याच इतर औषधांशी पटत नाही.

आणि घरोघरी होणारा घोळ म्हणजे वेळ. या गोळ्या खाण्याच्या एक तास आधी किंवा दोन तास नंतर. डॅब्राफेनिब दोनदा, बारा तासांच्या अंतराने, ट्रॅमेटिनिब एकदाच आणि ती फ्रीजमध्ये ठेवायची. थायरॉइड काढल्यामुळे थायरॉक्सिनही सकाळी रिकाम्या पोटी, आणि कॅल्शियम चालू असेल तर ते थायरॉक्सिननंतर चार तासांनी. बोटांना, ओठांना मुंग्या आल्या तर मात्र कॅल्शियमसाठी त्याच दिवशी फोन करा. सगळ्या वेळा डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या आणि तो फ्रीजच्या दाराला लावा. मिस्टरांचा सहाचा चहा-बिस्किट सातच्या पुढे जाणार, त्यावरून कुरकूर होईल, होऊ द्या.